मुंडाशाचं टोक

अंबाजीनं मुंडासं काखेत मारलं आणि काठी टेकत तो उंबरा ओलांडून गेला. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, पुढे केलेले हात तसेच राहिले.

"अवं, आज तरी! तिकोना पेठंचे पावणे येतील की आता. नातीची सोयरीक जमायचीय, आन् आजा बोडक्या डोक्यानं रस्त्याला!"

"आलोच," एवढंच बोलून तो निजाम नालबंदाच्या छपराकडे वळलासुद्धा.

कस्तुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवाळीत नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्याला आंघोळ ती घालायची, धोतर ती नेसवायची. डाव्या हातानं सांडतं म्हणून घासही तीच भरवायची. तो मुकाट्यानं सगळं करून घ्यायचा. मुंडाशाला मात्र हात लावू देत नव्हता. एकदाच तिनं बांधलं होतं, पोराला टोपडं बांधावं तसं, झटक्यात. ते त्यानं दाराआड जाऊन सोडून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वारी निजामकडे.

आणि कुसगावच्या बाया तरी कशा! पाणवठ्यावर हटकून तोच विषय काढायच्या. "निजामभाई बरं बांधतो गं मुंडासं." मग हिच्या पोटात दुखायला लागायचं. "लोकाच्या सवती बांगड्या भरत्यात, कुकू लावत्यात. माजी सवत दाढी ठेवतीया आन् टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकतीया," असं ती एकदा बोलून गेली. बाया पोट धरून हसल्या. हिला हसू आलं नाही. सारा जन्म नवऱ्यामागं घालवला तो हिनं, आणि त्यानं डोकं द्यायचं ते नालबंदाच्या हातात!

आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवून तिनं पदर खोचला आणि रस्ता ओलांडला.

छपराखाली निजाम अंबाजीकडे पाठ करून बसला होता. लोणावळ्याच्या एका टांग्याच्या घोड्याचा खूर त्याच्या मांडीत होता. एरवी तो खिळे दातात धरायचा. आज खिळे जमिनीवर होते आणि दातात मुंडाशाचं टोक होतं. दुसरं टोक पार अंगणाच्या कडेला, अंबाजीच्या डोक्यावर. जड हातानं ते कसंबसं दाबून, भोवळ येऊ नये म्हणून डोळे मिटून, अंबाजी स्वतःभोवती फिरत होता. पाय ओढत, हळूहळू, एकेक पेच डोक्यावर घेत.

एक पेच घसरून नाकावर आला. अंबाजीनं त्या पेचालाच शिवी हासडली, उलटा फिरला आणि पुन्हा सुरुवात केली. निजामनं मान वळवली नाही. तो आपला खूर तासत राहिला.

म्हणजे निजाम बांधतच नव्हता! त्याच्या हातात काही कसब असतं, तर कस्तुराबाईनं ते उचललं असतं, त्याच्यावर ताण केली असती. इथं तर त्याचा हातच लागत नव्हता. ते बघून ती निवायची सोडून जास्तच भडकली. काहीच न करणाऱ्याला एवढा भाव, आणि दिवसभर राबणारी मी कोण?

तेवढ्यात घोड्यानं पाय झाडला. "हो! हो बेटा!" निजाम ओरडला आणि तोंडातलं टोक सुटलं. नवऱ्याचं मुंडासं मातीला लागणार, तोच कस्तुराबाईनं झेप घेऊन ते वरच्यावर झेललं.

"घट धर रं," अंबाजी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला.

निजामनं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं पुन्हा खूर मांडीत घेतला.

पेच साफ वाकडा बसत होता. एका कानावर उतरलेला, दुसरीकडे टक्कल उघडं. तिचे हात शिवशिवले. नकळत तिनं कापड ओढलं.

"वढू नगंस, निजाम. माजं मला गुंडाळू दे."

'अवं, वाकडं होतंय!' अगदी जिभेवर आलं होतं. तिनं टोक दातात कोंबलं, हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं.

अंबाजी फिरत फिरत जवळ आला. कापड संपत आलं तसा तो थांबला आणि त्यानं डोळे उघडले. समोर निजाम नव्हता, बायको होती. त्याची नजर तिच्या दातातल्या टोकावर गेली. आता हा खेकसणार, असं तिला वाटलं.

"सोड," तो म्हणाला. "शेवट मला खोचायचाय."

तिनं सोडलं नाही. दातातलं टोक तसंच ठेवून ती बोलली, "उद्यापास्नं घरीच बांधा. मी धरीन."

शब्द पार चेंगरून बाहेर आले. निजामला काही उमगलं नसेल. अंबाजीला कळलं.

"बांधीन," तो म्हणाला. "पन टोक असंच धरायचं. दातात."

तिनं जोरात मान हलवली. त्या हिसक्यानं वरचा पेच सुटून अंबाजीच्या डोळ्यावर आला. रस्त्याच्या वळणावर पाहुण्यांच्या बैलांची घुंगरं वाजू लागली. अंबाजीनं डाव्या हातानं चाचपत पेच शोधायला सुरुवात केली. कस्तुराबाईचे हात पाठीमागं होते, ते तिनं तिथंच ठेवले.