मामानं आणलेला मेंटर

"घे तुझं मेंढर," म्हणत मामानं टेम्पोतून मेंढरू खाली ओढलं.

ताई रडायलाच लागली. उन्हाळी विज्ञान शिबिरासाठी मेंटर स्वतः शोधायचा होता. शेजारच्या बॉटनीच्या सरांसकट सगळे नाही म्हणाले, म्हणून तिनं मामाला फोन केलेला. त्याला मेंढर ऐकू आलं.

"मेंटर म्हणजे शिकवणारा मास्तर, मामा," मी खेकसलो. शाळा सोडलेल्या मलाही एवढं कळतं.

"मग मास्तर म्हणायचं की."

तेवढ्यात मेंढरू बॉटनीच्या सरांच्या बागेत घुसलं. सर काठी घेऊन धावले.

रडणं विसरून ताई म्हणाली, "सर, यानं झेंडू खाल्ला, पण सदाफुली हुंगून सोडली. असं का?"

सरांची काठी खाली आली. "शोधून काढ. मेंटर कोण तुझा?"

मामानं मेंढराकडं बोट दाखवलं.

"बरं," सर म्हणाले, "मग दुसरा मी."