वाचलेला बोकड

झुंबरबाईच्या चार शेळ्या बिबट्यानं उचलल्या, मागं राहिला एकटा बोकड. नवरा वना एवढा घाबरला की देवीपुढं बोलून बसला, "आई, एवढा बोकड वाचव, तुला हाच बोकड कापीन!" झुंबरबाईनं कपाळावर हात मारला आणि बोकड आणून घरात खाटेला बांधला.

आज बिबट्या वनखात्याच्या पिंजऱ्यात सापडला. वना सुरीला धार लावायला पळाला, भाऊबंद आवतणाची वाट न बघताच अंगणात जमले. वनरक्षक दाराशी येऊन म्हणाला, "अक्का, बिबट्या धरला, आता कसली भीती? सोडा बोकडाला मोकळं."

झुंबरबाईनं आतून दुसरीही कडी लावली.

"साहेब, पिंजरामा एकच बिबट्या शे. बाकीना बठ्ठा आंगनमा कांदा कापी राह्यनात."