शिकाऊ विमान

बुलडाण्याच्या त्या खेळण्यांच्या दुकानात इंद्रभान शिरला तेव्हा त्याने टोपी पार कानापर्यंत ओढलेली होती. टोपीखाली परवाच भादरलेलं डोकं होतं. ते कुणी बघावं आणि चार शब्द विचारावेत, असं त्याला नको होतं.

“रिमोटचं विमान पाह्यजे,” तो म्हणाला. “आजच पाह्यजे.”

उद्या सागरची तेरवी. दहाव्याला नदीवर पोराच्या पिंडाला कावळा शिवेना. बाभळीवर दहा-पंधरा कावळे बसलेले, पण एकही खाली उतरायला तयार नाही. बहिणीचं लग्न थाटात करू, आईला अंतर देणार नाही, नातेवाइकांनी सगळं कबूल करून पाहिलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी सागरची आई मंजुळाबाई नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, “त्याचं विमान.” इंद्रभानने हात जोडले. “आणतो बापा. तेरवीच्या आत आणतो.” आणि कावळा पिंडावर आला.

शब्द फिरवणाऱ्यांतला इंद्रभान नव्हता. धाड गावच्या बाजारात मिरचीचा भाव असो की घरातली सोयरीक, तो बोलला की विषय संपला. त्याला कुणी उलट विचारलेलं कोणाच्या आठवणीत नाही.

दुकानदार राजकुमार मात्र पंचविशीतला, बोलघेवडा. “कोणासाठी, काका?”

“पोरासाठी.”

“वय किती?”

“एकोणीस.”

“याच्या पह्यले उडवलं हाय का त्यानं?”

“नाही. पह्यलंच.”

इंद्रभानची नजर एव्हाना भिंतीवर गेली होती. वरच्या खिळ्याला एक लालभडक लढाऊ विमान टांगलेलं होतं, चांगलं हातभर, अणकुचीदार नाकाचं. घ्यायचं तर चार माणसांनी वळून पाहावं असं घ्यायचं, हा त्याचा जन्माचा खाक्या. “ते लाल काढा,” तो म्हणाला.

“ते नका घेऊ, काका.” राजकुमारने मान हलवली. “ते जड हाय अन् पळते लय. शिकाऊ माणसाचा हात मागं राहून जाते त्याच्या. तो वळवाले जाते तवरक ते जमिनीत.”

इंद्रभानचं वर केलेलं बोट तसंच राहिलं.

सागरने विमानच मागितलं होतं. मोबाईलवर रोज पाहायचा, एकदा भीत भीत बापाला दाखवलंही होतं. “लेकराचे खेळ सोड बे आता,” म्हणून इंद्रभानने त्याला मोटारसायकलच्या शोरूममध्ये नेलं आणि तिथली सगळ्यात दांडगी गाडी स्वतः पसंत केली. “बाबा, लहान घेऊ ना, मले येत नाही अजून,” पोरगं म्हणालं होतं. “चालवली का येते!” गाडीला हार घातला, नारळ फोडला, हँडलला लिंबू-मिरची बांधली. गल्लीभर पेढे वाटले. चालवायला कुणी शिकवलं नाही. गाडी घरात येऊन आठच दिवस झाले होते, आणि एका वळणावर ती सागरच्या हातून सुटली.

राजकुमारने खालच्या कप्प्यातून एक पांढरं, फोमचं विमान काढलं. दिसायला अगदीच गरीब. “हे न्या. हलकं हाय. पंख वरून हायेत, म्हणून डुलत नाही. चालते हळू. अन् फिरकी मागं लावेल हाय, नाकावर पडलं तरी तुटत नाही. तुटलंच तं गोंद लावाचा.”

“पडतेच का?”

“पह्यलं तं पडतेच, काका! म्हणून तं असं द्याचं, का पडल्यावर पुन्हा उठलं पाह्यजे.” राजकुमार हसला. “नवशिक्याले कोणी जड अन् जोराचं देते का?”

“मी देल्लं,” इंद्रभान म्हणाला.

“हात्तीच्या! मंग तुटलं असंन?”

“हो.”

“जाऊ द्या. होते असं.” राजकुमारने बॅटरी जोडली आणि रिमोट त्याच्या हातात दिला. “आता हे बटन पाहा. वर गेल्यावर पोरगा घाबरला, काही सुचेनासं झालं, तं फक्त हे दाबाचं. विमान कितीबी वाकडं झालेलं असो, आपोआप सरळ होते. पाहा, मी तिरकं धरतो. दाबा.”

इंद्रभानने अंगठा टेकवला. शेपटीवरची पट्टी टक्कन वळली.

“झालं सरळ. वाचलं.”

इंद्रभानने काउंटरला कोपर टेकलं. इतकी साधी गोष्ट खेळण्याच्या दुकानातल्या पोराला ठाऊक होती, आणि आपण गावभर अक्कल वाटत फिरत होतो. त्याला स्वतःची शिसारी आली.

“पोरालेच घेऊन या ना एखाद्या रविवारी,” राजकुमार बोलतच होता. “मैदानावर मी शिकवतो त्याले. दोन दिवसांत हात बसते.”

कपाळावरून घाम डोळ्यांत उतरायला लागला, तशी इंद्रभानने टोपी काढली आणि तिनेच तोंड पुसलं.

राजकुमारने त्या कोऱ्या डोक्याकडे पाहिलं, मग रिमोटवरच्या अंगठ्याकडे. विमान त्याने हळूच काउंटरवर ठेवलं. बाहेर धाडची जीप भरायला लागली होती, जीपवरचा पोरगा गावांची नावं ओरडत होता.

“ठेवू नको,” इंद्रभान म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात विनवणी होती. “अजून एक खेप तिरकं धर.”

राजकुमारने धरलं.