पॉलिशचं मशीन

कोतागडे गावातल्या आमच्या दुकानात मी चांदीच्या वस्तू विकायचे. मागच्या कारखान्यात त्या घडवायचे बापक, म्हणजे माझे वडील. तिथे मला कुणी कधी बोलावलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या दुपारी मात्र त्यांनी हाक मारली. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर लावून ते चांदीला पॉलिश करायचं मशीन बनवत होते.

"वेनिंग, इथे उभी राहा. कोपर वाकव." त्यांनी टेप लावली.

"माझं माप कशाला? मी तुमच्याहून उंच. हे टेबल तर तुमच्या छातीला लागतंय. तयार मशीन घ्या ना, बापक. हे साते-कबाबच्या हातगाडीसारखं दिसतंय."

"मग साते भाज त्याच्यावर. तो पाना दे इकडे. अगं, उजव्या हाताने! वडलांना कुणी डाव्या हाताने देतं का? जन्मभर सांगतोय."

मी हात बदलला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नमाजाला उठलेच नाहीत.

दफनानंतरच्या सात रात्रींच्या प्रार्थना संपल्या, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मी कारखान्यात जाऊन त्या मशीनपुढे उभी राहिले. टेबल बरोबर माझ्या कोपराला आलं. बटण शोधायला सवयीने डावा हात गेला. बटण तिथेच होतं. पॉलिशचं चाकही डावीकडेच बसवलेलं होतं.

मोटर फिरू लागली. त्या आवाजात मी मोठ्याने म्हणाले, "बापक, मला शिकवा."