चौथा सड

गोठ्याच्या फाटकावरच्या यंत्राने वासराच्या कानातलं थेंबभर रक्त तपासलं आणि लाल बिल्ला बाहेर टाकला.

"बिनकामाचं निघालं, वहिनी," बिल्ले मारणारा बाबू म्हणाला. "फाटक आता त्याला आईकडे आत सोडणार नाही. सगळं दूध यंत्र काढणार."

"सगळं कसं? चौथा सड वासराचा असतो," कडेवरच्या तान्हीला सावरत सगुणा तडकली. "माझ्या सासूनं तो कधी पिळला नाही."

"यंत्राला सासू नाही ना."

सगुणेने त्याच्या हातातला चिमटा हिसकावला आणि लाल बिल्ला आत धारेला बांधलेल्या गाईच्याच कानात मारला. तो दिसताच दूध काढणाऱ्या यंत्राने गाईची कास सोडून दिली.

"अहो, तुमचंच दूध बंद झालं की."

"होऊ दे."

तिने दावं सोडून गाय फाटकाबाहेर वासरापाशी नेली. वासराने कासेला पहिली ढुशी दिली.