देवमाशाच्या कपाळाचं माप

"ऐन समुद्रात देवमाशाला थांबवून मी त्याच्या कपाळाचं माप घेतलं होतं," मी सांगत होतो.

"मामंजी, आज थापा नकोत," संगणकावरून नजर न काढता सूनबाई म्हणाली. गिऱ्हाईक चारला येणार होतं. त्याला गोल नाकाची होडी हवी होती आणि दोनदा त्याने तिचं चित्र परत पाठवलं होतं. आज जमलं नाही, तर तो दुसऱ्या कारखान्यात जाणार होता. सूनबाईची ही पहिलीच होडी.

मी डोकावलो. पडद्यावर होडीची एकच बाजू. "अर्धीच?"

"दुसरी आरशासारखी आपोआप येते." तिने कळ दाबली. दोन्ही बाजू भेटल्या आणि नाकावर कांद्याच्या शेंड्यासारखं टोक उगवलं.

चाळीस वर्षं होड्या बांधल्या, पण इतकं हट्टी नाक पाहिलं नव्हतं. मी बांबूची लवचीक कांब माझ्या ढेरीवर आडवी धरली आणि दोन्ही टोकं मागे वाकवली. "हे बघ. रेघ नाकावर आधी सरळ आडवी जाते, मग वळते. तुझी निघतानाच तिरकी पळतेय."

तिने रेघ वळवणारा नाकाजवळचा बिंदू सरळ बाजूला सरकवला. टोक विरघळलं.

चारला गिऱ्हाईक पडद्याकडे बघतच राहिलं. "हा आकार आणलात कुठून?"

"मामंजींनी देवमाशाच्या कपाळाचं माप घेतलं होतं," सूनबाई गंभीरपणे म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं. "देवमासाच घरी येऊन माप देऊन गेला."