फारकतीची ओंजळ

कोर्टातला घटस्फोट होऊनही मेलबर्नच्या ज्यू वस्तीत तिर्झा झाल्मनचीच बायको. दुसरं लग्न बंद. धर्माची फारकत नवऱ्यानं राजीखुशीनं द्यायची. बाईनं कागद हिसकावला तर बाद. जज्जनं दम भरल्यावर आज झाल्मन धर्मगुरूंपुढं, रब्बींपुढं, गुमान आला, तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. "जबरदस्ती नाही ना?" रब्बींनी विचारलं. "छे हो, मनापासून देतोय," तो गोड हसला. साक्षीदारांनी ऐकलं. तिर्झानं ओंजळ धरली. झाल्मननं कागद वरच लटकवला. "फार घाई झालीय की गं!" "तू सोड आधी." कागद ओंजळीत पडला. तिनं काखेत दाबला. "जज्जच्या धाकानं दिला बरं का!" झाल्मन ओरडला. "म्हणजे रद्दच ना?" "तिच्या हातात पडण्याआधी बोलायचं होतंस," म्हणत रब्बींनी रिवाजाप्रमाणे कापून दप्तरी ठेवायला कागद मागितला. तिर्झानं काख आणखी आवळली. "आधी ह्याला बाहेर काढा, रब्बी. मग देते."